आबा, येताना डोक्याला तेल लावू नका

मोशी, बुधवार सकाळ

तीर्थरूप आबा,

गोरक्षचं डोकं तुमच्या पायांवर. (या खेपेला ते पूर्ण टेकतं, मध्ये केस येत नाहीत. का, ते पुढे येईल.) आई, म्हैस आणि मोटारपंप या तिघांची खुशाली धोंडीबाअण्णांकडून दर बाजाराला कळते. आईने त्यांच्या टेम्पोतून पाठवलेलं तेल पोचलं. बाटली रोज वापरात आहे असं तिला सांगा, ते खोटं नाही. मी इकडे ठीक आहे.

तुमची तब्येत कशी आहे? हे मी पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारत नाही. मला त्याचं उत्तर खरोखर हवं आहे, आणि शक्यतो लेखी. छातीत दुखतं का, पायांवर सूज आहे का, भाकरी नेहमीएवढी जाते का, सगळं सविस्तर कळवावं. कारण परवा सोमवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी आमच्या चाकणच्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. एकशे चाळीस माणसं उभी होती. तुम्ही घाबरून जाऊ नका. तुम्हाला काही झालेलं नाही हे मला माहीत आहे आणि माझा रूम पार्टनर रणजीत, त्याला माहीत आहे. बाकी चाकणमध्ये मात्र तुम्ही गेलेले आहात.

हे फोनवरच सांगितलं असतं. पण तुमचा बटणांचा फोन आई उचलते, उचलला की स्पीकरवर टाकते, आणि मग तो चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जातो. नवरा गेल्याची बातमी बाईला स्पीकरवर द्यायची, आणि तीही नवरा शेजारी बसून बशीतून चहा पीत असताना, हे मला बरं दिसलं नाही. म्हणून हे पत्र. धोंडीबाअण्णा आज बाजार उरकून दुपारी रिकामा टेम्पो घेऊन परततील, त्यांना बजावलं आहे की पाकीट तुमच्याच हातात द्यायचं. तुम्ही ते विहिरीवर जाऊन वाचा. उभ्याने वाचू नका.

मुळापासून सांगायचं तर माझ्या डोक्यापासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला ठाऊक आहे की पहिली पावणेदोन वर्षं मी वेल्डिंगला होतो. तिथे डोक्याला तेल लावा, नाहीतर तूप लावा, ठिणग्यांना त्याचं काही नसतं. दोन महिन्यांपूर्वी पेंट शॉपमध्ये एक पर्मनंटची जागा निघाली आणि मला तिकडे बदली दिली, ट्रायल म्हणून. काम हलकं आहे. गाडीला शेवटचा रंग बसण्याआधी चिकट फडक्याने तिचं सगळं अंग पुसायचं, म्हणजे धुळीचा कण राहत नाही. (तुम्ही पोळ्याला बैल पुसायचात तसंच, फक्त गाडी लाथ मारत नाही.) पण तिथला कायदा कडक. दारावर पाटी आहे: केसांना तेल नको, क्रीम नको, अत्तर नको, बॉडी स्प्रे नको. कारण तेलाचा एक शिंतोडा जरी पत्र्यावर पडला, तरी त्या ठिकाणी ओला रंग आपोआप मागे सरतो आणि मसुराएवढी वाटी तयार होते. तिला क्रेटर म्हणतात. एक क्रेटर निघाला की गाडी लाइनवरून उतरवायची, घासायची, परत रंगवायची, आणि उतरवताना साहेब सगळ्यांकडे एकेक करून बघतात. ते बघणं घासण्यापेक्षा जास्त वेळ चालतं.

हे साहेब म्हणजे लक्ष्मणराव. चाकणच्या बाजूच्याच एका खेड्यातले, बापापर्यंत सगळे शेतीत, हेच पहिले कंपनीत आले. शर्ट इस्त्रीचा आणि बोली बांधावरची. माणूस मनाचा फार चांगला आहे, पण क्रेटर दिसला की त्यांना जेवण जात नाही. आणि मी पेंट शॉपमध्ये गेल्यापासून क्रेटर निघायला लागले. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड, मग रोज, आणि बहुतेक टपावर किंवा बॉनेटवर, म्हणजे जिथे पुसताना माणूस ओणवा होतो तिथे. तोंडाला मास्क असतो, डोक्याला हूड असतो, तरी हुडाच्या कडेने घाम निथळतोच.

शेवटी त्यांनी परीक्षा घेतली. आम्हा सहा जणांच्या टाळूवरून आणि कपाळावरून एकेक टिश्यू कागद फिरवला, तो सहा पत्र्यांना पुसला, पत्र्यांच्या मागे नावं लिहिली आणि सहाही पत्रे रंगवून भट्टीतून काढले. पाच पत्रे गुळगुळीत. माझ्या पत्र्यावर अकरा क्रेटर. लक्ष्मणरावांनी ते मोजले, मग चष्मा लावून परत मोजले, तरी अकराच. तो पत्रा आता नोटीस बोर्डाशेजारी टांगलेला आहे, नाव पुढे करून. (आपल्या घराण्याचं नाव कंपनीच्या भिंतीवर पहिल्यांदा लागलं ते असं.) त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि विचारलं की तेल लावतोस का. मी नाही म्हणालो. आईची शपथ घे म्हणाले. घेतली. (ती खरी आहे, आईला काही होणार नाही.) मग त्यांनी बराच वेळ माझ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग ह्ये निथळतंय कुठनं? पंधरा दिस देतो. डोस्कं कोरडं कर, न्हाई तर वेल्डिंगला परत जा. मला बी वर त्वांड दाखवायचं हाय."

वेल्डिंगला परत म्हणजे पर्मनंटची जागा गेली, आणि ट्रेनी म्हणून दोन वर्षं भरली की तिथूनही नमस्कार. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हीच मला निघताना म्हणाला होतात की पर्मनंट झालास तर सांगायला ये, तोवर त्या कारखान्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. तुम्ही शब्दाचे पक्के. दोन वर्षांत अण्णांचा टेम्पो शंभर वेळा चाकणला आला असेल, तुम्ही एकदाही त्यात बसला नाहीत. दिवाळीला मी घरी आलो की कांद्याबद्दल बोलता, कंपनीबद्दल नाही. तेव्हा हे पंधरा दिवस माझ्यासाठी काय होते ते ओळखा.

पहिला सल्ला रणजीतने दिला. तो परभणीकडचा, डिस्पॅचला आहे, आणि मोबाइलवर बघून कोणत्याही रोगावर बोलू शकतो. आधी म्हणाला दिवसातून तीनदा शांपू लाव. लावला. तीन दिवसांनी त्याने दुसरा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, भावा, जेवढं धुशील तेवढं आतून जास्त सुटतं, धूच नको. नाही धुतलं. तिसऱ्या व्हिडिओत मुलतानी माती निघाली. ती लावली, ती वाळली, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर तिचे कण हुडातून गळून एका पांढऱ्या गाडीवर पडले. लक्ष्मणराव म्हणाले, आता तेलाच्या जोडीला रान बी आणलंस व्हय. चौथा उपाय असा की तेलकट-गोड खाणं बंद करायचं. म्हणून त्या गुरुवारी कँटीनमध्ये जिलेबी होती ती मी ताटातून परत केली. सगळ्यांनी पाहिलं. (हे लक्षात ठेवा, याचा पुढे पुरावा झाला.) शिवाय दाढीच्या क्रीममध्येही काही असेल या शंकेने मी दाढी करणं सोडलं.

मग घरमालकीण रतनबाईंनी लक्ष घातलं. त्या मोशीतल्या जुन्या घरच्या. शेत होतं तिथे आता सात मजली सोसायटी आहे, पण त्यांनी जिन्याखाली दोन शेळ्या ठेवल्या आहेत. त्या म्हणाल्या, "आरं शांपूनं का तेल जातंय व्हय? आमी काय शांपूनं न्हालो? रिठा घे." आणि वाटीभर रिठा उकळून दिला. केस कोरडे झाले म्हणावं असं काही झालं नाही, पण ते पाणी डोळ्यांत गेलं आणि आठ दिवस माझे डोळे खापरासारखे लाल राहिले. लाइनवर लोक माझ्याकडे बघून नजर खाली घालायला लागले. मला वाटलं डोळे आल्याच्या भीतीने.

शेवटी मी कंपनीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर हर्षाली मॅडम फार शांत आहेत. त्यांनी मला कागदावर केसाचं चित्र काढून दाखवलं. आबा, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक गाठ असते आणि ती चोवीस तास तेल काढत असते. आपला गावातला तेलाचा घाणा बंद पडला, तो इथे प्रत्येकाच्या डोक्यावर चालू आहे. कातडी कोरडी पडून फुटू नये म्हणून शरीर हे स्वतःच करतं. कोणाचं जास्त करतं, कोणाचं कमी. तरुण वयात जास्त, उकाड्यात जास्त, हूड घालून डोकं कोंडलं की जास्त, आणि काही घराण्यांत पिढीजात जास्त. हा रोग नाही, ही प्रकृती आहे, साध्या शांपूने धुवा आणि केसांत सारखे हात घालू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. मग त्यांनी कंगवा कोणाचा वापरता, हेल्मेट आतून पुसता का, उशीचा अभ्रा कधी धुता, असे काही घरगुती प्रश्न विचारले. त्यांचा विषयाशी संबंध नसल्यामुळे इथे लिहीत नाही. शेवटी विचारलं, घरात आणखी कोणाचं डोकं असं तेलकट आहे? तिथे मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तुमचं, आबा. तुमच्या टोपीच्या आतल्या कडेला तो काळपट पट्टा असतो, जो आई दर रविवारी सोडा घालून उकळून घालवते आणि जो बुधवारपर्यंत परत येतो, त्याबद्दल मी मॅडमना दहा मिनिटं सांगितलं. टोपीवरून मी तुमच्यावर आलो. तुम्ही भर उन्हात मोटारपंप दुरुस्त करायला वाकलात की कपाळावरून कसं चकाकतं, हेही सांगितलं. त्यांनी कागदावर 'आनुवंशिक' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. तो कागद माझ्याकडे जपून ठेवला आहे. मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. जमीन दिलीत, नाव दिलंत, त्यासोबत हेही आलं. पण अनुवंशावर शांपूचं काय चालणार, असा विचार करून मी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. केसच नसतील तर तेल राहील कशावर?

म्हणून रविवारी सकाळी मी किसनच्या दुकानात गेलो. किसन म्हणजे आमच्या गल्लीतला न्हावी. एरवी तो बोलायला लागला की दाढीचा फेस वाळतो. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, सगळं काढ. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. वाढलेली दाढी पाहिली, लाल डोळे पाहिले, आणि एक शब्द न बोलता मोबाइलवरचं गाणं बंद केलं. बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पेपर खाली ठेवले. त्याने डोकं भादरलं, दाढी केली, मग मी नको म्हणायच्या आत मिशीही उतरवली, आणि मागे टाळूवर बोटभर शेंडी ठेवली. मला वाटलं विसरला, म्हणून मी ती दाखवली, तर माझा खांदा दाबून म्हणाला, असू दे, ती ठेवायची असते. मग दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला. आबा, तुमचा मुलगा तसा हुशार आहे असं आई म्हणते, पण पायरी उतरेपर्यंत माझ्या हे ध्यानात आलं नाही. मी फक्त डोक्याला वारा किती छान लागतो, याचा विचार करत होतो.

सोमवारी माझी सेकंड शिफ्ट होती. गेटवर वॉचमनने मला पाहून उभं राहून हात जोडले. मी म्हणालो, रामराम. आत गेलो तर माझ्या लॉकरपाशी गर्दी होती आणि मला पाहून ती बाजूला झाली. तोवर सगळा हिशेब त्यांनी आपापसांत जुळवला होता, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण तो बिनचूक जुळत होता. आठवडाभर डोळे लाल. दाढी केलेली नाही. जिलेबी परत केली. आणि गेले पंधरा दिवस हा माणूस कळवळून सांगतोय की मी तेल लावत नाही, तेल लावत नाही. सुतकात कोण तेल लावेल? त्यातून माझ्या मोबाइलवर पोळ्यापासून तुमचा फोटो लावलेला आहे. आता फक्त एका मुद्द्यावर दोन तट पडले. काहींचं म्हणणं की त्यांच्याकडे केस पहिल्याच दिवशी काढतात, म्हणजे घटना रविवारची. पण बहुसंख्यांचं म्हणणं की केस दहाव्याला काढतात, म्हणजे घटना आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारची. आणि तसं असेल तर, आबा, मी बाप जाऊनही सगळे दिवस एका शब्दाने न बोलता, एकही खाडा न करता ड्यूटीला येत होतो.

हा दुसरा तट जिंकला. लक्ष्मणरावांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर माझं डोकं टेकलं आणि तिथे एक गोल डाग उमटला, तरी त्यांनी मिठी सोडली नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले की सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहा. आणि शांतता असताना बोलायचं कसं?

त्या दोन मिनिटांबद्दल मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. बोर्डावर खडूने लिहिलं होतं, 'कै. मुरारीराव'. (गावात तुम्हाला कोणी राव म्हणत नाही. इकडे म्हणाले.) पहिलं मिनिट मी वाक्य जुळवण्यात घालवलं, की साहेब, थोडी चूक झालेली आहे. दुसऱ्या मिनिटात मी बोर्डावरचं नाव वाचलं. मी कधी विचारच केला नव्हता की तुमच्या नावामागे ते एक अक्षर लागू शकतं. मग तुम्ही कंपनीबद्दल माझ्याशी शेवटचं काय बोललात ते आठवलं. कारखान्याच्या दारात पाय ठेवणार नाही, हेच. आणि वाटलं, हेच शेवटचं राहिलं असतं तर. मला रडू आलं, आबा. हातातला हूड भिजला. नाटक म्हणाल तर मला नाटक कधीच जमलेलं नाही, शाळेत झाड झालो होतो तेही हललं. मग भोंगा झाला, लाइन सुरू झाली, आणि लाइन सुरू असताना बोलायला सवड नसते.

त्या दिवशी एकही क्रेटर निघाला नाही. कालही नाही. लक्ष्मणरावांनी याचं श्रेय माझ्या टकलाला न देता तुम्हाला दिलं. म्हणाले, तुझा बा वरून बघतोय. आणि सोमवारीच संध्याकाळी त्यांनी वर कळवलं की सुतकातही खाडा न करणाऱ्या माणसाला पर्मनंट नाही करायचं तर कुणाला?

काल शिफ्टआधी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सरळ सांगितलं की साहेब, माझे आबा जिवंत आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "व्हय रं बाळा. माझा बा जाऊन अकरा वर्सं झाली. अजून बी पहाटं उठलो की चुलीम्होरं बसल्यावानी वाटतो. बाप काय मरत न्हाई." मी म्हणालो तसं नाही, खरोखर जिवंत आहेत, फोन लावून देतो. त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पाण्याचा ग्लास दिला. मग स्वतःच रडायला लागले आणि तो ग्लास मला त्यांना द्यावा लागला. त्यानंतर मला हर्षाली मॅडमकडे पाठवलं. त्यांनी माझ्याकडून तो आधीचा कागद मागून घेतला, त्यात मी आठवड्यापूर्वी तुमच्या टोपीबद्दल किती मायेने बोललो होतो ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी आनुवंशिकच्या खाली आणखी काहीतरी लिहून मला रोज थोडं चालायला सांगितलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण येत्या रविवारी लक्ष्मणराव आणि लाइनवरचे बारा जण कंपनीची गाडी करून आपल्या वस्तीवर आईला भेटायला येणार आहेत. सोबत तुमचा मोठा केलेला फोटो आणणार आहेत, चंदनाच्या हारासकट. (माझ्या मोबाइलवरचाच आहे, म्हशीपाशी उभे आहात तो. म्हैस कापून टाकली आहे, पण एक शिंग तुमच्या खांद्यावर राहिलं आहे. बाकी चांगला आला आहे.) मी खूप आर्जवं केली, पण दुःखातल्या माणसाचं नको म्हणणं कोणी मनावर घेत नाही.

आधी मला वाटलं, तुम्हाला रविवारी इंदुआत्याकडे तळेगावला पाठवावं. एक दिवसाचा प्रश्न. मी ते लिहायलाही बसलो. मग आठवलं की दारात आई असेल. कपाळाला कुंकू लावून ती तेरा पाहुण्यांना चहा ठेवायला पळेल, आणि ते तिच्या कपाळाकडे बघतील. तेव्हा तिला मी काय सांगणार? एक दिवस पुसून ठेव म्हणून? तो कागद मी फाडून टाकला. माझ्या हातून एवढं होणार नाही, पर्मनंट झालो नाही तरी चालेल.

तेव्हा आबा, उपाय एकच उरला आहे. तुम्ही शनिवारच्या बाजाराला धोंडीबाअण्णांच्या टेम्पोतून या. लिलाव बारापर्यंत उरकतो. कोणालाही विचारा, आमची कंपनी दाखवतील. अडीच वाजता गेट नंबर दोनवर मी उभा असेन. आधार कार्ड आणा, पण मला वाटतं त्याची गरज लागणार नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. तुम्ही नुसते दारात येऊन उभे राहा आणि लक्ष्मणरावांना रामराम घाला. ते ओरडतील, तेव्हा घाबरू नका. दारात पाय ठेवणार नाही हा तुमचा शब्द मला माहीत आहे. पण आबा, तो जिवंत माणसाने दिलेला होता, आणि चाकणपुरते तुम्ही सध्या त्यातून मोकळे आहात. त्यांना पटवायचं आहे हे तर आहेच, पण सोमवारपासून मलाही एकदा तुम्हाला डोळ्यांनी बघावंसं वाटतं आहे. ते फोनवर होत नाही.

तुम्ही असतानाच डोकं भादरलेला,

गोरक्ष

ता. क. : पाकीट चिकटवताना रणजीतचा फोन आला. डिस्पॅचमध्ये बातमी आहे की माझ्या पर्मनंटच्या पत्रावर शुक्रवारी संध्याकाळी सही होणार. तेव्हा वर लिहिलं तसं शनिवारीच या. माया दाटून आली म्हणून शुक्रवारी येऊ नका. तसंच आज-उद्या जिवंत असल्याचा कोणाला फोन करू नका.

ता. क. २ : येताना डोक्याला तेल लावू नका आणि टोपी धुतलेली घाला. लक्ष्मणराव तुम्हालाही मिठी मारतील, त्यांचा एक शर्ट आधीच गेला आहे. एरवी तुमच्या डोक्याचं काही करता येणार नाही हे मला माहीत आहे, आनुवंशिक आहे.

ता. क. ३ : धोंडीबाअण्णांकडे एका पिशवीत माझ्या उशीचा अभ्रा दिला आहे. तो आईला तुमच्या टोपीबरोबर सोड्यात उकळायला द्या, इथल्या कोणत्याच साबणाने तो निघत नाही. त्याचं असं झालं की पेंट शॉपला आल्यापासून डोक्याला तेल चालत नाही, आणि आई तर रोज फोनवर शपथ घालून विचारते की तेल लावलंस का. तिच्याशी खोटं बोलवत नाही. म्हणून मी दोन महिने ती सांगते तेवढं, तळहातभर, रोज झोपताना उशीला लावतो आणि तिला लावलं म्हणून सांगतो. तेवढाच तिचा वासही येतो आणि झोप चांगली लागते. आईला यातलं काही सांगू नका, विचारलंच तर घाम म्हणा. आणि शनिवारी येताना तेलाची दुसरी बाटली आणा, पहिली संपत आली आहे.